बुलढाणा ते लुंबिनी : दोन मोटारसायकली आणि एक पिशवी कागद

लुंबिनीला जायला व्हिसा लागतो काय, हा प्रश्न आमच्या विहारात मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की आता एकदा लिहूनच काढावे असे ठरवले. रविवारची वंदना झाली, चहाचे कप फिरले की कोणीतरी हळूच जवळ येते. कोणाला म्हाताऱ्या आईला न्यायचे असते, कोणाला लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी जोडीने जायचे असते. हल्ली तर पोरांना मोटारसायकलवर जायचे असते. उत्तर एका शब्दाचे आहे : नाही. भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी मैत्रीचा करार झाला, तेव्हापासून आपल्याला नेपाळात आणि नेपाळी माणसाला आपल्याकडे व्हिसा लागत नाही. पण त्या एका शब्दाच्या भरवशावर आम्ही निघालो आणि आमचे काय झाले, ते सांगण्यासारखे आहे.

२०२३ च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुट्ट्यांत आम्ही चौघे निघालो. मी, आमच्या सौभाग्यवती, माझे मेहुणे आणि त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा. रेल्वेचे आरक्षण मिळाले नव्हते. मेहुणे गॅरेजात काम करतात. ते म्हणाले, "दाजी, रेल्वे नाही तं नाही. गाड्या आपल्या, हात आपले. बिघडली तं मी हाय ना." एक गाडी माझी, सव्वाशे सीसीची. दुसरी तशीच, माझ्या सासऱ्यांनी हौसेने घेतलेली. सासरे २०१९ साली गेले, तेव्हापासून ती मेहुणे चालवतात.

निघण्यापूर्वी महिनाभर मी कागदांच्या मागे होतो. माझे सारे आयुष्य फायलींत गेलेले. वस्तीतल्या निराधार योजनेच्या, शिष्यवृत्तीच्या, जातीच्या दाखल्याच्या अर्जांत माझे अक्षर असते. त्यामुळे हे काम आपोआपच माझ्याकडे आले, आणि खरे सांगायचे तर त्याचा थोडा ताठाही होता. नियम असा की, जमिनीवरून नेपाळात जाताना आपल्याजवळ पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र हवे. आधार कार्डावर सगळ्यांचे भागत नाही. पासष्टच्या वरचे आणि पंधराच्या खालचे असतील तर वय आणि ओळख पटवणारा फोटोचा दुसरा कागद चालतो. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचा ठराविक नमुन्यातला दाखला. आणि सर्वांत उपयोगी गोष्ट ही की, कुटुंब एकत्र जात असेल तर एका प्रौढ माणसाजवळ मुख्य ओळखपत्र असले तरी चालते. बाकीच्यांनी फोटोचा काही पुरावा आणि आपण एका कुटुंबातले आहोत हे दाखवणारा कागद, म्हणजे रेशनकार्ड वगैरे, जवळ ठेवायचा.

हे सगळे मी वहीत लिहून घेतले. भाच्याच्या कॉलेजात दोन चकरा मारून प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचा दाखला आणला. माझ्या गाडीचे आरसी बुक, लायसन, पीयूसी, विमा तपासला. विम्याबाबत एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते : आपल्या गाडीचा विमा नेपाळात आपोआप लागू होत नाही, थोडी जास्तीची रक्कम भरून पॉलिसीत नेपाळचा विस्तार करून घ्यावा लागतो. तोही मी माझ्या गाडीसाठी करून घेतला. मेहुण्यांना म्हणालो, तुमचे कागद बघून ठेवा. ते म्हणाले, हायेत सगळे डिक्कीत. एवढ्यावर मी समाधान मानले.

बुलढाण्यातून पहाटे निघालो. समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून, सिंदखेडराजा, मेहकर, लोणारच्या भागातून जातो. शेते गेली ती आपल्याच लोकांची, पण त्या रस्त्यावर दुचाकीला परवानगी नाही. तेव्हा परदेशाची गोष्ट लांब राहिली, पहिला 'प्रवेश बंद' आम्हाला घराजवळच लागला. खामगाव, अकोला, अमरावती असे जुन्या रस्त्याने संध्याकाळी नागपूर गाठले. दीक्षाभूमीवर वंदना केली. दुसऱ्या दिवशी पेंचच्या जंगलातून सिवनी, जबलपूर. तिसऱ्या दिवशी कटनी, मैहर करत रीवा. चौथ्या दिवशी हनुमनाचा घाट उतरून मिर्झापूर आणि रात्री सारनाथ. या चार दिवसांचे वर्णन करत बसत नाही. पाठ दुखली, दोनदा पंक्चर झाली, आणि रीव्याच्या पुढे धुळीने चौघांचे चेहरे एकसारखे झाले, एवढे पुरे. सारनाथला धमेक स्तूपासमोर सौभाग्यवती अर्धा तास काही बोलल्या नाहीत, हे मात्र नोंदवले पाहिजे, कारण तसे सहसा घडत नाही.

कुशीनगरला मात्र थांबून काही सांगावेसे वाटते. महापरिनिर्वाण विहारातली ती पहुडलेली मूर्ती आपण सर्वांनी कॅलेंडरवर पाहिलेली असते. पण आपल्या माणसांचे दुसरे एक नाते या गावाशी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्यांनी बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील दिले, ते भदंत चंद्रमणी महास्थवीर इथे राहत. ते मूळचे ब्रह्मदेशातल्या अराकानचे. ते तरुणपणी आले तेव्हा त्यांना व्हिसा लागला नसणार, कारण तेव्हा ब्रह्मदेश आणि हिंदुस्थान एकाच इंग्रज सरकारच्या ताब्यात होते. १ एप्रिल १९३७ पासून ब्रह्मदेश वेगळा झाला. म्हणजे भंते इथेच राहिले आणि सरहद्द मागून आली. मी हे भाच्याला सांगितले, तर तो म्हणाला, "मामा, मग भंतेजी एका दिवसात फॉरेनर झाले?" कायद्याने काय झाले ते मला सांगता आले नाही. पण एवढे खरे की, ज्या हातांनी आपल्याला धम्म दिला ते हात आज त्याच वाटेने आले असते तर एखाद्या खिडकीवर रांगेत उभे असते.

कुशीनगरहून गोरखपूर, तिथून उत्तरेला नौतनवा आणि पुढे सोनौली. सोनौली हे गाव म्हणजे एक लांबच लांब रस्ता. दोन्ही बाजूंना दुकाने, नोटा बदलणारे, लॉज, आणि मालट्रकांची न संपणारी रांग. त्या रस्त्याच्या टोकाला कमान, आणि कमानीपलीकडे नेपाळ. तिकडच्या गावाचे नाव बेलहिया. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करायचे. आपले १०० रुपये म्हणजे त्यांचे १६०, हा भाव ठरलेला. नोटांच्या बाबतीत सांभाळायचे. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभराच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती, म्हणून आम्ही बुलढाण्याहूनच शंभराची पुडकी बांधून नेली होती. हे नियम बदलत राहतात. जाणाऱ्याने निघायच्या आधी बँकेत विचारावे.

आपल्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान असतात. पायी जाणाऱ्याला बहुधा कोणी अडवत नाही, पण आमच्या एमएच २८ च्या पाट्या पाहून आम्हाला बाजूला घेतले. जवान सभ्य होता. ओळखपत्रे मागितली. माझे दिले. सौभाग्यवतींचे दिले. त्याने दोन्ही शेजारी धरली आणि विचारले, "ये आपकी कौन हैं?"

मी म्हटले, पत्नी.

त्याने कार्ड माझ्यापुढे धरले. तिच्या कार्डावर तिच्या वडिलांचे नाव, माहेरचे आडनाव, मेहकर तालुक्यातले माहेरचे गाव. लग्नाला बावीस वर्षे झाली. बावीस वर्षांत मी वस्तीतल्या किती बायकांची नावे सासरच्या यादीत घातली असतील याची गणती नाही. माझ्या स्वतःच्या बायकोचे नाव माहेरीच राहिले होते. दर निवडणुकीला ती माहेरी जाऊन मत देऊन यायची, त्यात तिला आनंद व्हायचा आणि माझे एक काम वाचायचे. त्या जवानासमोर माझ्या तोंडून शब्द निघेना.

तेवढ्यात तिने खांद्यावरची पिशवी उघडली, प्लॅस्टिकच्या पन्नीतून रेशनकार्ड काढले आणि त्याच्या हातात दिले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली वडीलधारी स्त्री कुटुंबप्रमुख असते. आमच्या कार्डावर पहिले नाव तिचे, फोटो तिचा, आणि खाली 'पती' म्हणून मी. जवानाने सावकाश वाचले, हसला, आणि म्हणाला, जा माताजी. भाच्याचा प्राचार्यांच्या सहीचा दाखला मी मोठ्या अभिमानाने पुढे केला, तो त्याने न उघडताच परत दिला.

थोडे पुढे गेल्यावर मी तिला विचारले, तू रेशनकार्ड कशाला घेतले होतेस? ती म्हणाली, "तुमच्या वहीत लिहिलेलं होतं ना. तुम्ही लिहून ठेवलं, मी घेऊन ठेवलं."

खरी परीक्षा पुढे होती. माणसाला व्हिसा नाही, पण गाडीला परवाना लागतो. त्याला तिकडे भन्सार म्हणतात, म्हणजे आपली जकात. खिडकीवर आरसी आणि लायसन दाखवायचे, कुठे जाणार आणि किती दिवस राहणार ते सांगायचे, तेवढ्या दिवसांचे पैसे भरायचे, पावती जपून ठेवायची. मुदत उलटली तर दंड. माझे काम पाव तासात झाले. मग मेहुण्यांनी आरसी पुढे केले.

खिडकीतल्या माणसाने नाव वाचले, लायसन वाचले. गाडीचे मालक कुठे आहेत?

"वारले."

मग गाडी तुमच्या नावावर का नाही?

मेहुणे गप्प. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "दाजी, गाडी माह्या बापाची, बाप माहा. आता अजून कोनाची चिठ्ठी आनू?" खिडकीतला माणूस तुसडेपणाने बोलला नाही. मालक जिवंत असता तर त्याच्या सहीचे संमतीपत्र चालले असते, असे त्याने समजावून सांगितले. मेलेल्या माणसाच्या नावावरची गाडी तो आत सोडू शकत नव्हता.

मी वाणिज्य शाखेचा आहे, म्हणून त्याचे म्हणणे मला पटले. परदेशातून आलेल्या गाडीवर एरवी भारी कर बसतो. तुम्ही ती काही दिवसांसाठी आणता आणि परत नेता, या बोलीवर तो कर माफ असतो. उद्या गाडी तिकडेच विकली गेली तर धरायचे कोणाला? मालकाला. आणि मालकच नसेल तर? मोटारसायकलने लांबचे देश फिरणाऱ्यांना हीच अडचण मोठ्या प्रमाणात येते. इराण आणि त्यापुढच्या काही देशांत गाडी न्यायची तर 'कार्ने' नावाचे पुस्तक लागते. आपल्याकडे ते मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन देते, आणि त्यासाठी आधी मोठी हमी ठेवावी लागते. प्रत्येक देशात आत जाताना एक शिक्का, बाहेर पडताना एक शिक्का. शिवाय माणसाचा व्हिसा वेगळा, तोही वाटेत एकेका राजधानीत थांबून, वकिलातीच्या दारात दिवस मोजून घ्यायचा. एका देशाच्या व्हिसाची मुदत दुसऱ्याच्या व्हिसाची वाट पाहण्यात संपते. आमच्या विहारातली पोरे मणिपूरमधून ब्रह्मदेशात उतरून थायलंडला जाऊ म्हणतात. मोरे-तामूचा तो नाका ऑगस्ट २०१८ मध्ये व्हिसा घेऊन जाणाऱ्यांसाठी उघडला होता. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रह्मदेशात लष्कराने सत्ता घेतल्यापासून ती वाट भरवशाची राहिलेली नाही. पोरांना मी सांगतो, आधी लुंबिनी करा.

मेहुणे रस्त्याच्या कडेला जाऊन बसले. २०१९ मध्ये वडील गेले, ते दुःखाचे दिवस. २०२० मध्ये कोरोना. मग करू, करू. कायद्याने मालकाच्या मृत्यूची माहिती तीस दिवसांत कळवायची असते, आणि तीन महिन्यांत ३१ नंबरचा नमुना, मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रे देऊन नाव बदलायचे असते. मला हे ठाऊक होते. आमच्या घराण्यात कागद समजणारा माणूस मीच. सासऱ्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी भाषण केले, पण गाडीच्या कागदाकडे पाहिले नाही. मेहुण्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, त्यामुळे जास्त वाईट वाटले.

त्या वेळी आमच्या बाजूला एक मोठी बस येऊन उभी राहिली. थायलंडचे उपासक होते, पन्नासेक तरी, बहुतेक वयस्क बाया. पांढरे कपडे, गळ्यात ओळखपत्र. त्यांचा वाटाड्या पासपोर्टचा गठ्ठा छातीशी धरून धावत होता. त्यांना आपल्या बाजूला बाहेर पडल्याचा शिक्का, पलीकडे नेपाळचा व्हिसा. तो तिथेच डॉलर भरून मिळतो, पंधरा दिवसांचा तीस डॉलरला. परत भारतात येऊन श्रावस्ती पाहायची तर भारताचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा हवा, नाहीतर लुंबिनी पाहून माणूस तिकडेच अडकला. त्या बाया उन्हात रांगेत उभ्या राहून आमच्याकडे पाहून हात जोडत होत्या. सौभाग्यवतींनी त्यांना पिशवीतली संत्री दिली. भाषा कळत नव्हती, पण 'नमो बुद्धाय' दोघींकडून एकदम निघाले.

शेवटी मार्ग काढला तो सौभाग्यवतींनीच. "दादाची गाडी इथं स्टँडवर लावा. तुम्ही मामा-भाचे गाडीवर या. मी दादासोबत बसनं येते." भाऊ-बहीण बेलहियाहून भैरहवा आणि तिथून दुसऱ्या बसने लुंबिनीला आले. आम्ही गाडीवर तासाभरात पोचलो. त्यांना बराच वेळ लागला. उतरल्यावर दोघांचे डोळे लाल होते, पण चेहरे हलके होते. रस्ताभर वडिलांच्याच गोष्टी निघाल्या म्हणाले.

लुंबिनीत मायादेवी मंदिराच्या आत फोटो काढू देत नाहीत. ते बरे आहे. माणूस नुसता पाहतो. बाहेर पुष्करिणी, झाडाखाली बसलेले भंते, जुन्या विटांचे पाये. त्या विटा पाहून मला आपले भोन आठवले. आपल्या संग्रामपूर तालुक्यात पूर्णेकाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने खोदकाम केले, त्यात विटांच्या स्तूपाचे अवशेष निघाले. ते जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येतात. लुंबिनीला जाणाऱ्या आपल्यातल्या किती जणांनी भोन पाहिले आहे? मी स्वतः तोवर एकदाच गेलो होतो.

मंदिरामागे सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. १८९६ मध्ये तो पुन्हा उजेडात आला. त्यावरचा लेख अगदी लहान आहे, आणि तो मी कारकुनाच्या नजरेने वाचला याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः इथे आला, त्याने पूजा केली, इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले म्हणून दगड उभा केला, आणि लुंबिनी गावाचा 'बली' नावाचा कर माफ करून सरकारचा वाटा आठव्या हिश्श्यावर आणला. म्हणजे एकाच दगडावर जन्माचा दाखला आणि करमाफीचा हुकूम! हे मी मोठ्याने सांगितले तेव्हा मेहुणे सकाळपासून पहिल्यांदा हसले. "आमच्या बाचा जन्माचा दाखला तं गुरुजीनं लिहेल होता, १ जून. अख्ख्या वर्गाचा १ जून."

नेपाळच्याच राजधानीत, काठमांडूला, नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब आले होते. प्रकृती खालावलेली. दीक्षेला महिना झालेला, आणि महापरिनिर्वाणाला तीन आठवडेही उरले नव्हते. स्तंभाजवळ बसून मी भाच्याला हे सांगत होतो, तेव्हा आजूबाजूचे दोन-तीन नेपाळी उपासकही ऐकत उभे राहिले. बाबासाहेबांचे नाव त्यांना माहीत होते.

परतताना भन्सारची पावती दाखवली आणि बाहेर पडलो. सोनौलीच्या स्टँडवर सासऱ्यांची गाडी धूळ खात उभी होती. मेहुण्यांनी ती पुसली आणि पहिल्याच किकला ती सुरू झाली.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी नाव आणि पत्ता बदलण्याचा ८ नंबरचा अर्ज स्वतः भरला, मला हात लावू दिला नाही. सासऱ्यांची गाडी उन्हाळ्यापर्यंत मेहुण्यांच्या नावावर झाली. आता सासूबाईंनी धरले आहे की त्यांना त्याच गाडीवर, मुलाच्या मागे बसून लुंबिनीला जायचे आहे. वय सत्तरच्या आसपास, आधारवर जन्मतारीख १ जानेवारी. पासष्टच्या वर आहेत, तेव्हा फोटोचा कागद चालेल असे मी म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, "चालंल-बिलंल नको. वहीत लिव्ह, पोरगी पिशवीत घालंल."